खिडकीला काच, काचेला पडदा : फिरत्या घराच्या इतिहासाची एक बाजू



आजचा विषय जाहीर झाल्यापासून आम्हांला एकच प्रश्न येतो आहे. इतिहासाच्या व्याख्यानमालेत व्हॅनच्या खिडकीचे पडदे कशाला? गडकिल्ले संपले का? (हशा) संपले नाहीत. पण रस्त्याकडेला गाडी लावून आत कुणी झोपलं, तर तो प्रवासी, भटक्या की गुन्हेगार, हे कोण ठरवतं आणि कशावरून ठरवतं, हा प्रश्न इतिहासाचाच आहे. आणि गंमत अशी की त्या प्रश्नाच्या मागं मागं जायला लागलं की आपण वारंवार खिडकीपाशी येऊन पोचतो.

कॅम्परव्हॅन आपल्याकडे आता कुठं दिसायला लागली आहे, म्हणून दोन वाक्यांत सांगतो. मालाची ने-आण करणारी साधी व्हॅन घ्यायची. तिच्या आत पलंग, शेगडी, कपाट, पाण्याची टाकी बसवायची आणि तिच्यातून हिंडायचं. तयार विकत मिळते ती अतिशय महाग, त्यामुळे युरोपात आणि विशेषतः ब्रिटनमध्ये ती घरच्या घरी बनवणाऱ्यांची मोठी परंपरा आहे. आम्ही दोघं काही वर्षं इंग्लंडात होतो, तेव्हा आम्हीही एक जुनी डिलिव्हरी व्हॅन घेऊन तिच्यावर हात साफ केला. पलंग झाला, ओटा झाला, खिडक्या कापून काचासुद्धा बसल्या. पडदे तेवढे राहिले. पडद्यांचं काय एवढं, लावू नंतर, असं वाटलं.

पहिल्या रात्री काचांवर टॉवेल आणि एक नऊवारी लावली. तिचा उपयोग इतका होईल असं ती आणताना वाटलं नव्हतं. रात्री दोनच्या सुमारास टॉवेल घसरला आणि थोड्या वेळानं काचेवर टकटक झाली. बाहेर पोलीस, हातात टॉर्च. तो सभ्यपणे बोलला, सगळं ठीक आहे ना म्हणाला आणि गेला. पण तो गेल्यावर आम्ही दोघं पहाटेपर्यंत जागे होतो. पलीकडेच एक चकचकीत तयार कॅम्परव्हॅन उभी होती. तिच्या खिडक्यांना मापात शिवलेले पडदे होते. तिच्यावर कुणी टकटक केली नव्हती. पोलिसाच्या मनात काय होतं ते आम्ही सांगू शकत नाही. पण गाडीत झोपलेल्या माणसाकडे लोक बघतात तेव्हा आधी त्याची खिडकी बघतात, हे त्या रात्री पटलं. आणि त्यातनंच हे सगळं वाचायला सुरुवात झाली.

तर सुरुवात करू या चाकांवरच्या ब्रिटनमधल्या एका जुन्या घरापासून. रोमानी लोकांची घोड्याची गाडी, तिला ते वार्डो म्हणतात. हे लोक म्हणजे ज्यांना इंग्रज जिप्सी म्हणत आले. त्यांची भाषा आपल्याकडच्या भाषांच्या कुळातली आहे. पाण्याला ते ‘पानी’ म्हणतात, नाकाला ‘नाक’. हजारएक वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज हिंदुस्थानातून पश्चिमेकडे सरकले, यावर भाषाशास्त्रज्ञांचं एकमत आहे. राहण्याची वार्डो मात्र त्या मानानं अलीकडची, १९व्या शतकाच्या मध्याच्या आसपासची. त्याआधी तंबू आणि साध्या गाड्या. वार्डोला छोट्या खिडक्या असत, त्यांना बाहेरून लाकडी झडपा आणि आतून बहुधा लेसचे पडदे. झडप लावली की गाडी बंद पेटी, उघडली की घर. म्हणजे आज आपण ज्याला ‘ब्लाइंड’ म्हणतो त्याची सगळी कामं ती झडप करत होती. ऊन अडवायचं, थंडी अडवायची, नजर अडवायची.

नजर का अडवायची, तर त्यामागं कायदा होता. इंग्लंडात १५३० साली एक कायदा झाला. त्यात या लोकांना ‘इजिप्शियन’ म्हणून देशाबाहेर काढायचं ठरलं. ते इजिप्तहून आलेत असा समज होता, त्यावरूनच ‘जिप्सी’ शब्द आला. पुढं १८२४चा भटकेगिरीविरोधी कायदा आला. उघड्यावर, गाडीत किंवा तंबूत झोपणारा आणि आपल्या उदरनिर्वाहाचा धड खुलासा देऊ न शकणारा माणूस त्यात गुन्हेगार ठरत होता. आपल्याकडे १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला, सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंटपर्यंत त्याची पाळंमुळं पोचली आणि ३१ ऑगस्ट १९५२ला तो रद्द झाला. ती गोष्ट या व्यासपीठावर तुम्ही ऐकलेली आहे. ज्याला पक्कं दार नाही तो संशयित, ही समजूत दोन्हीकडे एकाच राज्यकर्त्यांची होती, एवढंच इथं लक्षात ठेवू.

आता याच रस्त्यांवर १८८५ साली एक वेगळी गाडी निघते. गॉर्डन स्टेबल्स नावाचे एक गृहस्थ. पूर्वी ब्रिटिश नौदलात डॉक्टर, नंतर मुलांसाठी साहसकथा लिहिणारे लेखक. त्यांनी ब्रिस्टल वॅगन वर्क्सकडून एक गाडी बांधून घेतली, तिचं नाव ‘वाँडरर’. दोन घोडे, सुमारे दोन टन वजन, बरोबर गाडीवान, आणि पुढं रस्ता मोकळा आहे का हे बघायला तीनचाकी सायकलवर एक नोकर. ट्वायफर्डहून निघून ते वर स्कॉटलंडात इन्व्हर्नेसपर्यंत गेले आणि त्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं. पुढं १९०७ साली ब्रिटनमध्ये कॅराव्हॅन क्लब निघाला, त्यात स्टेबल्स उपाध्यक्ष होते. गाडी आजही क्लबनं जपून ठेवली आहे. रस्ता तोच, घोडे तसलेच, झोपणंही गाडीतच. पण हा डॉक्टर, त्यामुळे त्याची गाडी ‘जमिनीवरची नौका’ झाली. स्टेबल्सनी स्वतःच तिला तसं म्हटलं आहे, आणि हा शब्द आम्हांला फार बोलका वाटतो. नौका म्हटलं की कुणी हाकलत नाही.

मोटारीच्या जमान्यातली गोष्ट दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू होते, आणि ती जर्मनीत. बेन पॉन नावाचा डच व्यापारी वोल्फ्सबर्गच्या फोक्सवॅगन कारखान्यात गेला होता. तिथं त्यानं १९४७च्या एप्रिलमध्ये वहीच्या पानावर एक डबा काढला. पुढं ड्रायव्हर, मागं इंजिन, मधे सगळी मोकळी जागा. मार्च १९५०मध्ये ती व्हॅन रीतसर बनू लागली. वेस्टफालिया नावाची एक जुनी कंपनी होती, घोडागाड्या बनवत आलेली. तिनं १९५१च्या सुमारास या व्हॅनसाठी ‘कॅम्पिंग बॉक्स’ काढला. कल्पना साधी. आठवडाभर गाडीत माल भरा, शनिवारी पेटी आत ठेवा. पेटीतून बसायची बाकं निघतात, बाकांचा पलंग होतो, शेगडी निघते, आणि बरोबर खिडक्यांचे पडदे. पेटीबरोबर पडदे आले ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. घर म्हणून गाडी वापरायची तर पडदा ही चैन नाही, हे त्या सुतारांना पहिल्याच दिवशी समजलं होतं. आम्हांला मात्र सत्तर वर्षांनंतरही नाही. (हशा)

आता ब्रिटन, आणि इथं जरा थांबायला हवं, कारण इथली कथा कराची आहे.

इंग्रज सरकारनं खिडकीवर कर घेतला हे तुम्हांला माहीत असेल. १६९६ साली, तिसरा विल्यम गादीवर असताना, घराला जितक्या खिडक्या जास्त तितका कर जास्त असा नियम झाला आणि तो १८५१पर्यंत चालला. दीडशे वर्षं. लोकांनी विटा लावून खिडक्या बुजवल्या. जुन्या इंग्लिश गावांत अजूनही भिंतीत खिडकीच्या आकाराची बंद चौकट दिसते. आम्ही पहिल्यांदा पाहिली तेव्हा वाटलं दुरुस्ती अर्धवट सोडली आहे.

तर हा कर गेला आणि शंभर वर्षांनी खिडकी पुन्हा कराच्या कचाट्यात सापडली, या वेळी मोटारीची. युद्धकाळात, ऑक्टोबर १९४०पासून, ब्रिटनमध्ये चैनीच्या वस्तूंवर ‘पर्चेस टॅक्स’ लागला. मोटारीही त्यात होत्या आणि १९५१ साली मोटारींवरचा दर घाऊक किमतीच्या दोन-तृतीयांशापर्यंत गेला. पण मालाची व्हॅन ही धंद्याची वस्तू, तिच्यावर मोटारीसारखा कर नाही. मग मोटार कुठली आणि व्हॅन कुठली? सरकारनं उत्तर दिलं खिडकीवरून. ड्रायव्हरच्या मागच्या बाजूला काच नसेल तर ती व्हॅन. काच लावली की ती माणसांची गाडी, भरा कर. म्हणून त्या काळात पुष्कळ कुटुंबं आंधळ्या व्हॅनमधून सहलीला जात. मागं मुलं अंधारात, गोधड्यांवर बसलेली, बाहेर काय चाललंय ते पुढच्यांना विचारत. खिडकी कापणं म्हणजे पत्रा कापणं एवढंच नव्हतं, हिशेब सरकारात कळवणं होतं.

यातून सुटण्याची वाट म्हणजे घर. गाडीत झोपण्याची आणि स्वयंपाकाची कायमची सोय असली तर ती ‘मोटर कॅराव्हॅन’ धरली जाऊन कराची सूट मिळू लागली. म्हणजे काच लावा, पण कपाट आणि शेगडीही लावा. ही फट ज्यांनी नेमकी पकडली त्यांत फोकस्टन गावच्या मार्टिन वॉल्टर कंपनीची ‘डॉर्मोबील’ सगळ्यांत प्रसिद्ध. बेडफर्डची सीए ही व्हॅन १९५२मध्ये बाजारात आली आणि तिच्यावर ही डॉर्मोबील उभी राहिली. नाव ‘डॉर्मिटरी’ आणि ‘ऑटोमोबील’ यांचा जोड. ब्रिटनमध्ये बराच काळ कुठल्याही कॅम्परव्हॅनला लोक डॉर्मोबीलच म्हणत, आपण वनस्पती तुपाला डालडा म्हणतो तसं. सिडमथला जॅक व्हाइट नावाच्या बांधकाम व्यावसायिकानं आपल्या कुटुंबासाठी एक फोक्सवॅगन अशीच सजवली, त्यातनं पुढं ‘डेव्हन’ गाड्यांचा कारखाना झाला. या मंडळींत पीटर पिट या दुसऱ्या एका कारागिराचा किस्सा चवीनं सांगितला जातो. विंडसरच्या राजउद्यानात मालवाहू गाड्यांना बंदी, तर यानं म्हणे मुद्दाम आपली कॅम्पर तिथं नेली, पकडून घेतलं आणि ही मालगाडी नाही हे कोर्टात वदवून घेतलं. किस्सा सांगणाऱ्यागणिक थोडा बदलतो, पण या लोकांना त्या काळी काय सलत होतं ते त्यातून कळतं.

आणि गाडीला काचा आल्या की पडदे आलेच. त्या काळचे पडदे कसे बसवत ते बघा, कारण घरी बनवणाऱ्यांची स्वस्त रीत आजही तीच आहे. प्लास्टिकचं वेष्टण असलेली लवचिक स्प्रिंगची तार, दोन टोकांना आकडे. आपल्या चाळीत कपाटाच्या खाली, मोरीला, खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला जी तार असते तीच ही. पडद्याला वर नेफा शिवायचा, त्यातून तार ओवायची, दोन स्क्रूंना ताणून अडकवायची, झालं. फक्त घरातली भिंत ओळंब्यात असते आणि व्हॅनची भिंत वर जाताना आत झुकते. घरासारखी एकच तार लावली तर पडदा काचेपासून सुटून मधेच लोंबतो आणि कडेनं सगळं दिसतं. म्हणून व्हॅनच्या पडद्याला नेफे दोन, एक वर, एक खाली. जुन्या फोक्सवॅगनमध्ये डोकावून पाहिलंत तर वरखाली दोन तारा किंवा दोन पट्ट्या दिसतील. हे आधी कुणी सांगितलं असतं तर आमचं सहा मीटर कापड वाचलं असतं.

गुंडाळायचा पडदाही होताच. अमेरिकेत स्ट्युअर्ट हार्ट्सहॉर्न नावाच्या माणसानं १८६४ साली स्प्रिंगच्या रुळाचं पेटंट घेतलं. दोरी खाली ओढली की पडदा थांबतो, हलकासा झटका दिला की सरसर वर जातो. घरासाठी उत्तम. व्हॅनमध्ये मात्र खड्ड्यातून गाडी गेली की तोच झटका बसतो आणि सगळे पडदे एकदम वर. आजच्या तयार पडद्यांना दोन्ही बाजूंनी खाच असते आणि खाली अडकवायची सोय असते. घडीघडीचा, पंख्यासारखा मिटणारा प्रकारही मिळतो, एकाच चौकटीत एका बाजूनं डासांची जाळी आणि दुसऱ्या बाजूनं काळोख. सुंदर काम, पण प्रत्येक खिडकीला एवढे पैसे घालायचे म्हणजे गाडीपेक्षा पडदे महाग.

१९६०च्या दशकात याच गाड्या पूर्वेकडे निघाल्या. लंडन, इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली आणि खाली गोवा. हा रस्ता १९७९ साली बंद पडला. इराणात क्रांती झाली आणि वर्षअखेरीस अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा आल्या. तोवर कळंगुट आणि हणजूणच्या माडांखाली अशा गाड्या उभ्या राहत. त्या माडांमागच्या जुन्या गोवेकर घरांना काचेच्या खिडक्या नव्हत्या, शिंपल्यांच्या होत्या. चपटे, अर्धपारदर्शक शिंपले चौकोनी कापून लाकडी चौकटीत ओळीनं बसवलेले. उजेड येतो, उन्हाचा तडाखा येत नाही, बाहेरच्याला आतलं दिसत नाही. काच आणि पडदा यांचं काम एकाच वस्तूनं केलं आहे, आणि ती वस्तू खाडीत मिळते. रस्त्यावर महिनोन् महिने पडदे सांभाळत आलेल्या त्या लोकांपैकी कुणी त्या खिडक्यांकडे या दृष्टीनं पाहिलं असेल का, असं आम्हांला उगाच वाटत राहतं. असो.

ब्रिटनमध्ये १९७३च्या एप्रिलात पर्चेस टॅक्स जाऊन व्हॅट आला. पर्चेस टॅक्सच गेला म्हणजे त्याच्यातली घराची सूटही गेली. तयार कॅम्पर आणखी महागली, आणि घरी बनवण्याचं वळण घट्ट झालं. याच पिढीच्या हातात एक नवं कापड आलं. ते आलं आकाशातून.

अमेरिकेनं ऑगस्ट १९६०मध्ये ‘एको-१’ नावाचा एक प्रचंड फुगा अंतराळात सोडला. व्यास सुमारे ३० मीटर. पातळ प्लास्टिकच्या पत्र्यावर अल्युमिनियमची वाफ बसवून तो केलेला होता. नासाच्या मार्शल केंद्रात १९६४च्या सुमारास याच जातीच्या पत्र्यापासून चमचमती पातळ चादर झाली. ती गिर्यारोहकांच्या पाठपिशवीत गेली आणि तिथून फोम किंवा बुडबुड्यांच्या प्लास्टिकशी जोडून बांधकामाच्या दुकानात. लोकांनी ती व्हॅनच्या काचेच्या मापानं कापली. आज कॅम्परवाल्यांत या प्रकाराला रुपेरी पडदाच म्हणतात. मराठीत हा शब्द सिनेमानं आधीच घेऊन ठेवला आहे, त्याला आमचा इलाज नाही. (हशा)

हा पडदा काय करतो ते नीट समजून घेऊ, कारण इथं पुष्कळांचे पैसे वाया जातात. उन्हाळ्यात काचेतून आलेलं ऊन तो परत पाठवतो, हे सोपं आहे. हिवाळ्यात मात्र चांदीची कमाल तेव्हाच दिसते जेव्हा तिच्यापुढं हवेची पोकळी असते. चांदी थेट काचेला चिकटवली तर उष्णता सरळ स्पर्शानं निघून जाते, मग उपयोगी पडते ती फक्त मधल्या फोमची जाडी. म्हणून पातळ चकचकीत कागद घेऊ नका, जाड घ्या.

दुसरं पाणी. दोन माणसं रात्रभर बंद गाडीत झोपली की श्वासातून आणि अंगातून अर्धा लिटर तरी पाणी हवेत जातं. थंड काचेला ही हवा लागली की काचेला घाम फुटतो. साधा पडदा हा घाम लपवतो, थांबवत नाही. सकाळी पडदा ओला, आठवड्यात त्यावर काळे ठिपके. जाड पडदा आतून लावला तर गाडीतली ऊब काचेपर्यंत पोचतच नाही, काच आणखी गार पडते आणि कडेच्या फटीतून जी काही वाफ आत शिरते तिचं पाणी होतं. उपाय दोन. पडदा कडेनं घट्ट बसला पाहिजे, आणि छताची झडप थंडीतसुद्धा बोटभर उघडी ठेवली पाहिजे. पडदा काचेच्या बाहेरून लावला तर काच उबदार राहते, पण पावसात सकाळी चिंब पडदा घडी करून ठेवायचा कुठं? इंग्लंडात पाऊस नाही अशी सकाळ आम्हांला फारशी भेटली नाही.

आम्ही शेवटी काय केलं तेही सांगतो, कारण पुष्कळांनी त्यासाठीच लिहिलं होतं. प्रत्येक खिडकीला जुनं वर्तमानपत्र चिकटवून कडेनं बोट फिरवलं, घडी पडली त्या रेषेवर कापलं. हा कागदी फर्मा. समोरासमोरच्या दोन खिडक्या सारख्या असतील असं समजून एकाच फर्म्यावर दोन पडदे कापू नका. आम्ही कापले आणि एक बोटभर आखूड निघाला. फर्म्यावर रुपेरी फोम कापला, आतल्या बाजूला जुन्या चादरीचं कापड आणि बाहेरच्या बाजूला काळं सुती कापड लावलं. काळं यासाठी की रस्त्यावरून बघणाऱ्याला चांदी लगेच कळते, काळी काच मात्र काळीच दिसते. कडेनं पट्टी शिवली आणि पट्टीत चपटी लोहचुंबकं. हे छोटे जोरकस चुंबक १९८०च्या दशकातले, जपान आणि अमेरिकेत जवळपास एकाच वेळी निघालेले. व्हॅनचं अंग पोलादी पत्र्याचं, त्यामुळे पडदा नुसता जवळ नेला की टप्पकन बसतो. जिथं पत्र्यावर प्लास्टिकचं मखर आहे तिथं वेल्क्रो. तोही एका स्विस इंजिनिअरला, जॉर्ज दे मेस्त्रालला, कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काटेरी फळांवरून सुचलेला. सक्शन कप आम्ही आधी लावले होते. ते थंडीत कडक होतात आणि पहाटे एकेक करून सुटतात, नेमके पहाटे. सगळ्या खिडक्यांचं मिळून सामान शंभर पौंडांच्या आत आलं. तयार मापाच्या पडद्यांसाठी आम्हांला याच्या पाचपट सांगितले होते.

पुढच्या काचेला काही कायमचं चिकटवायचं नाही, हेही सांगून ठेवतो. ब्रिटनमध्ये १९८५च्या एप्रिलनंतरच्या गाडीच्या समोरच्या काचेतून निदान ७५ टक्के आणि पुढच्या दारांच्या काचांतून निदान ७० टक्के उजेड आत आलाच पाहिजे असा नियम आहे. मागच्या काचा कितीही काळ्या चालतात. पण काळ्या काचेवर विसंबू नका. दिवसा ती आतलं लपवते, रात्री आत दिवा लावलात की बाहेरच्याला चित्रपट.

आता कायद्याची अलीकडची दोन पानं. २०१९पासून ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्यानं, डीव्हीएलएनं, व्हॅनची नोंद ‘मोटर कॅराव्हॅन’ अशी बदलून देण्याच्या निकषांत गाडी बाहेरून कशी दिसते यावर भर दिला. त्यात एक अट अशी, की राहण्याच्या भागाला निदान एका बाजूला दोन किंवा अधिक खिडक्या हव्यात. आजोबांनी कर चुकवायला खिडकी टाळली, नातवाला नोंद बदलायला खिडकी कापावी लागते. आणि कापली की तिच्यावर पडदा.

दुसरं पान २०२२चं. इंग्लंड आणि वेल्ससाठी झालेल्या पोलीस आणि गुन्हेगारीविषयक कायद्यात, परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जमिनीवर वाहनासह मुक्काम करून नुकसान किंवा त्रास होत असेल आणि सांगूनही माणूस हलला नाही, तर तो फौजदारी गुन्हा ठरला. गाडी जप्त होऊ शकते. ज्याला दुसरं घर आहे त्याची गाडी गेली तर सुट्टी गेली. रोमानी आणि आयरिश ट्रॅव्हलर कुटुंबांचं जप्त होतं ते घर. त्यांच्या संघटनांनी याला कडाडून विरोध केला. आमच्यासारखे हौशी लोक आपली व्हॅन रात्री ‘रिकामी दिसावी’ म्हणून काळे पडदे लावतात आणि त्याला गमतीनं गुपचूप मुक्काम म्हणतात. हा शब्द आम्हीही वापरत होतो. आता वापरवत नाही.

(श्रोत्यांतून प्रश्न : कापडी पडद्यांना आगीची भीती नाही का?)

आहे, आणि हा प्रश्न विचारलात ते बरं केलंत. डिसेंबर २०१३मध्ये बंगळूर-नांदेड एक्सप्रेसच्या वातानुकूलित डब्याला आग लागून २६ माणसं गेली, त्यातली बरीच आपल्याकडची होती. त्यानंतर आपल्या रेल्वेनं थ्री-टियर डब्यांतले मधल्या वाटेवरचे पडदे काढून टाकले. व्हॅनमध्ये तर शेगडी आणि खिडकी यांत हातभर अंतर असतं. शेगडीमागच्या काचेला लोंबणारं कापड लावायचंच नाही. आम्ही तिथं सुटा कडक तुकडा ठेवतो, स्वयंपाक करताना काढून गादीखाली सरकवायचा. शिवताना धागा आणि कापड सुती घ्या. नायलॉन पेटलं की वितळून अंगाला चिकटतं. शेगडी चालू असताना झडप उघडी, आणि कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं यंत्र झोपायच्या उंचीवर.

(श्रोत्यांतून प्रश्न : आणि ती नऊवारी?)

ती आहे अजून. शेगडीच्या बाजूचा पडदा सोडला तर सगळ्यांचं आतलं अस्तर नंतर तिचंच झालं. आईला अजून सांगितलेलं नाही.